नातवाने स्पॅनिश कशाला शिकायचं?

प्रश्न : नातू न्यू जर्सीत आठवीत आहे. शाळेत स्पॅनिश घेतलंय. सगळीकडे इंग्रजी चालतं, मग हा खटाटोप कशाला? – एक आजी, दादर

उत्तर : आजी, शिकू दे त्याला, अगदी मनापासून सांगते. अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात. म्हणजे ती त्याच्या शेजारपाजारचीच भाषा. परक्या भाषांचं मोल अमेरिकेनेही ओळखलंय. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हा आपण मागे पडू नये म्हणून अमेरिकेने दुसऱ्याच वर्षी कायदा करून गणित-विज्ञानाबरोबर परकी भाषांनाही पैसा दिला.

मी गिरगावात परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. परवा एका अमेरिकन मुलीने भाजीवालीला विचारलं, "मावशी, मेथी कशी दिली?" मावशींनी जुडी सोडून आतली कोवळी पानं दाखवली, वर गावच्या पावसाचं सांगत बसल्या. इंग्रजीत विचारलं असतं तर नुसता भाव कळला असता.

आणि तुमचा नातू घरी मराठी बोलतो ना? मग स्पॅनिशमधले 'त' आणि 'द' त्याला सहज जमतील. ते आपल्यासारखेच दातांना जीभ टेकवून म्हणतात. इंग्रजीवर वाढलेल्या मुलांची तिथेच अडचण होते. रविवारच्या फोनवर त्याच्याकडून एक स्पॅनिश वाक्य ऐका, आणि उत्तर मात्र मराठीतच द्या.