शंकासमाधान : पाचट, प्रेसमड आणि मातीतील विकरे

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमची भारी काळी जमीन असून उसाच्या खोडव्यातील (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या पिकातील) पाचट, म्हणजे वाळलेली पाने, आम्ही जाळत नाही. यंदा साखर कारखान्याचे प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) टाकण्याचाही विचार आहे. अशा खतांमुळे जमिनीतील एन्झाइम वाढतात, हे खरे आहे काय? तसे असेल, तर दुकानात मिळणारी एन्झाइमची बाटलीच का सोडू नये?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : वाढतात, हे खरे आहे. मात्र खताबरोबर आयती येणारी विकरे (एन्झाइम) थोडीच असतात. खतातील कर्बावर (कार्बन) पोसलेले जिवाणू आणि बुरशी जी तयार करतात, ती खरी वाढ. पाचटातील सेल्युलोजची लांब साखळी त्यांना जशीच्या तशी आत घेता येत नाही, म्हणून ते सेल्युलेज हे विकर बाहेर सोडून तिचे तुकडे करतात आणि अखेरच्या टप्प्यात बीटा-ग्लुकोसायडेज त्या तुकड्यांतून ग्लुकोज मोकळे करते. याच धर्तीवर फॉस्फेटेज सेंद्रिय पदार्थांत अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) सोडवते.

बाटलीतील विकरे ही शेवटी प्रथिनेच. मातीतील प्रोटिएज त्यांचे विघटन करते, काही चिकणमातीच्या कणांना चिकटून निष्क्रिय होतात, आणि त्यांची भरपाई करणारे जिवाणू उपाशी असतील तर परिणाम टिकत नाही. तो खर्च पाचट कुट्टी करण्यावर केलेला बरा.

पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) फार कमी असते. ते कुजवताना जिवाणू जमिनीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि खोडवा काही काळ पिवळट दिसतो. म्हणूनच टनभर पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन देण्याची शिफारस आहे. पाचट मातीला टेकलेले आणि ओलसर राहिले पाहिजे. प्रेसमडमध्ये नत्र आणि स्फुरद तुलनेने बरे असले, तरी ताजे असताना ते तापते व त्यातील मेण कुजण्यास अडथळा आणते. म्हणून ढीग लावून, पलटी देऊन, ते थंड व भुसभुशीत झाल्यावरच टाकावे. जमीन क्षारपड असल्यास क्षारांमुळे विकरांची क्रिया मंदावते. तेथे आधी निचऱ्याची सोय पाहावी.

मातीतील विकरांची चाचणी करून घेणार असाल, तर आकडे वाचताना सावध राहावे. डिहायड्रोजिनेज हे विकर केवळ जिवंत पेशींतच काम करते. प्रयोगशाळेत मातीत टेट्राझोलियम क्षार मिसळून ती साधारणतः ३७ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात आणि तयार झालेला लाल रंग मोजतात. खत टाकल्यावर थोड्याच दिवसांत नमुना घेतला तर हा आकडा फुगलेला दिसतो आणि सहज पचणारा कर्ब संपला की उतरतो. त्यामुळे दरवर्षी त्याच हंगामात, खत टाकण्यापूर्वी नमुना घ्यावा. याउलट युरियेज (युरियाचे विघटन करणारे विकर) आणि फॉस्फेटेज चिकणमाती व ह्यूमसला (पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ) बिलगून, त्यांना जन्म देणारा जिवाणू मेल्यानंतरही काम करत राहतात. आणखी एक गोष्ट अशी, की प्रत्येक वाढ लाभाचीच असते असे नाही. युरियेज जोरात असलेल्या विम्लधर्मी (अल्कधर्मी) काळ्या जमिनीत युरिया वरवर फेकला, तर त्याचा अमोनिया होऊन बराचसा हवेत उडून जातो. म्हणून तो मातीआड करावा. स्फुरद मुबलक असलेल्या रानात फॉस्फेटेज कमी आढळले, तर त्यात काळजीचे कारण नाही.

प्रश्न : तासगाव भागातील आमच्या द्राक्षबागेत छाटणीची काडी कुट्टी करून टाकतो, तरीही डिहायड्रोजिनेज कमी येते. बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) हा परिणाम असेल का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : शक्यता मोठी आहे. बोर्डोतील तांबे कुजत नाही, ते वरच्या थरात वर्षानुवर्षे साठते आणि जिवाणूंना बाधते. परंतु या चाचणीत तयार होणारा लाल रंग तांब्यामुळे आपोआपही फिका पडतो, त्यामुळे जमीन प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा निर्जीव भासू शकते. अशा बागेत केवळ या एका विकरावर निष्कर्ष काढू नये. सोबत फॉस्फेटेज, सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध तांबे यांचीही तपासणी करावी आणि बांधालगतच्या, फवारणी न झालेल्या मातीचा नमुना तुलनेसाठी द्यावा. कुजलेले शेणखत तांब्याला बांधून ठेवते, त्यामुळे त्याचा त्रास कमी होतो. काडी मात्र कठीण असते, तिला कुजायला वेळ लागतो. तिच्याबरोबर शेणखत किंवा हिरवळीचे खत द्यावे.