दोन दिवसांच्या क्विल्टिंग शिबिराला जाताना काय न्यायचं?

प्रश्न: ताई, आम्ही शिवणवेड्या दहा-बारा मैत्रिणी शनिवार-रविवार एकत्र राहून क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवायचं काम, करणार आहोत. माझी आजवर एकच छोटी क्विल्ट पूर्ण झालीय, बाकीच्या सगळ्या तरबेज. डबल बेडची नवीन क्विल्ट तिथेच पूर्ण करून आणायचं मनात आहे, जमेल का? आणि सोबत काय नेऊ?

उत्तर: अख्खी क्विल्ट दोन दिवसांत नाही होणार गं, तो नादच सोड. वरचा जोडकामाचा थर मात्र नक्की होईल, पण एका अटीवर, कापड घरूनच कापून ने. माझ्या पहिल्या शिबिराला मी अखंड कापड घेऊन गेले होते, आख्खा शनिवार कटिंग मॅटवर वाकून गेला आणि मशीनला हात लागला तेव्हा रात्र झाली होती, अजून हळहळ वाटते. तयार चौकोन 6 इंचाचा हवा असेल तर साडेसहाचा काप, आणि एकेका ओळीचे तुकडे वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लाव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाव इंचाची शिवण, म्हणजे कापडाच्या काठापासून पाव इंच आत घातलेली. निघायच्या आधी आपल्या मशीनवर तपासून बघ. दीड-दीड इंच रुंद तीन पट्ट्या एकमेकींना जोड, इस्त्री कर आणि मोज, रुंदी बरोबर साडेतीन इंच भरायला हवी आणि मधली पट्टी 1 इंच दिसायला हवी. शिवण अर्धं सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जरी जाड गेली तरी दोन्हीकडचं मिळून दर जोडाला एक सूत खाल्लं जातं, म्हणजे ओळीत 12 तुकडे असतील तर 11 जोडांत 11 सूत, सव्वा इंचाच्या वर गेलं की! म्हणूनच सांगते, अर्धे ब्लॉक, म्हणजे जोडून तयार केलेले चौकोन, आपल्या मशीनवर आणि अर्धे मैत्रिणीच्या मशीनवर असं करू नकोस. माझं मशीन अडकलं तेव्हा मी केलं होतं आणि रविवारी ओळी जुळेचनात, शेवटी बसून उसवावं लागलं.

मशीनला नवी सुई लावून जा, जोडकामाला 80 नंबरची चालते, जास्तीच्या दोन-तीन असू देत. पाच-सहा बॉबिन भरून ने, उसवणी विसरू नकोस, आणि उंचीसाठी एक उशी, कारण तिथली खुर्ची कशी असेल सांगता येत नाही आणि खांदे दुखायला लागले की कामात लक्ष लागत नाही. इस्त्र्या आणि मशीनं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, दोन इस्त्र्या एकदम तापल्या तर फ्यूज उडू शकतो, आधीच ठरवून घ्या कुठली कुठे लावायची ते. आणि हो, लाल किंवा गडद निळं कापड असेल तर आधी धुऊन बघ, रंग जातोय का.

रात्रीच्या उजेडात गडद कापडावर काम नको, त्या वेळेला गप्पा मारता मारता हातकाम कर, जुन्या क्विल्टच्या काठाची पट्टी हाताने टाचणं वगैरे.

तरबेज बायकांचं टेन्शन घेऊ नकोस, उलट त्यांच्यातल्याच एकीच्या शेजारी मशीन लाव आणि दोन ओळी जोडताना ती काय करते ते बघ. पहिल्या ओळीच्या शिवणी इस्त्रीने उजवीकडे वळवलेल्या असतात, दुसरीच्या डावीकडे, मग एकावर एक ठेवल्या की त्या एकमेकींत अडकतात, बोटाने चाचपलं तरी कळतं, आणि चार कोपरे नेमके जुळतात. हे मी कितीही लिहिलं तरी एकदा शेजारी बसून बघण्याची सर नाही.

आणि शिवायच्या आधी सगळे तुकडे भिंतीवर टांगलेल्या फ्लॅनेलच्या चादरीवर लाव, सुती कापड त्याला आपोआप चिकटतं. मोबाईलने फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर, कुठे गडद तुकडे एकाच जागी गोळा झालेत ते लगेच दिसेल, तेव्हाच अदलाबदल करून घे.