वाचकांचे प्रश्न : मशीन चालू, पण स्पिंडल कापतो किती वेळ?

प्रश्न : आमच्याकडे तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीन) आहेत. चार बाजूंनी काम असलेल्या एका ब्लॉकची मागणी वाढली आहे. चौथी व्हीएमसी घ्यावी, पॅलेट चेंजरवाली (जॉब बांधलेले टेबल आपोआप बदलणारी) एचएमसी, म्हणजे आडव्या स्पिंडलची मशीन घ्यावी की जॉब कलता करू शकणारी थेट फाइव्ह अ‍ॅक्सिस?

उत्तर : आधी स्टॉपवॉच घेऊन एक पूर्ण शिफ्ट मशीनपाशी उभे राहा आणि स्पिंडल (टूल धरून फिरणारा दांडा) कापत नाही तो सगळा वेळ लिहून काढा. समजा कटिंगला ६ मिनिटे लागतात. जॉब सोडणे, वाइस (जॉब पकडणारा शिकंजा) साफ करणे आणि नवा जॉब बांधणे यात ३ मिनिटे जातात. म्हणजे एक तृतीयांश वेळ मशीन नुसते उभे. पॅलेट चेंजर असेल तर कटिंग चालू असतानाच बांधणी उरकते आणि ८ तासांत ५३ ऐवजी ७५च्या वर जॉब निघू शकतात. पण कटिंगच ४० मिनिटांचे असेल तर वाचतात जेमतेम ७ टक्के. तेवढ्यासाठी पॅलेटच्या वाटेला जाऊ नका.

एचएमसीवरच्या टोम्बस्टोनची (ज्याच्या बाजूंवर अनेक जॉब बांधतात तो उभा ठोकळा) खरी कमाई टूल चेंजमध्ये आहे, आणि नेमकी तीच हिशेबात धरायची राहते. ८ टूल आणि प्रत्येक बदलाला ५ सेकंद, म्हणजे जॉबमागे ४० सेकंद. टोम्बस्टोनवर ८ जॉब बांधले आणि एक टूल सगळ्यांवर फिरवून मगच बदलले, तर जॉबमागे ५ सेकंदच पडतात. टेबल फिरायला लागणारा वेळ त्यात मिळवा. चिप्सही आपोआप खाली पडतात. मात्र ड्रिल तुटले आणि मशीनला कळलेच नाही, तर उरलेल्या जॉबना भोक पडत नाही आणि मागून येणारा टॅपही मोडतो. त्यामुळे प्रत्येक ड्रिलनंतर तुटफुटीची तपासणी प्रोग्राममध्ये हवीच.

फाइव्ह अ‍ॅक्सिसचा विचार करा तो बाजूंचे एकमेकींशी असलेले माप घट्ट असेल तर. जॉब दर वेळी उलटून बांधला की बांधणीची चूक मापात शिरते. एकाच बांधणीत पाच बाजू झाल्या की ती टळते. शिवाय जॉब कलता करता येत असल्याने आखूड टूल चालते. टूल ६० मिमीऐवजी ४० मिमी बाहेर ठेवले, तर तेवढ्याच जोराला त्याचे वाकणे साधारण ३.४ पटीने कमी होते. पण फिरत्या अक्षाचे केंद्र ५ मायक्रॉनने चुकले असेल, तर जॉब १८० अंशांत फिरवल्यावर १० मायक्रॉनचा फरक दिसतो. हे केंद्र प्रोब (स्पर्शाने माप घेणारे उपकरण) आणि अचूक मापाचा गोळा वापरून नियमित तपासावे लागते.

प्रश्न : १० मिमीच्या चार धारांच्या कार्बाइड एंडमिलला स्टीलमध्ये फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) किती द्यावा? कॅटलॉगप्रमाणे दिला तरी टूल लवकर झिजते.

उत्तर : १२० मीटर प्रति मिनिट वेगाला सुमारे ३,८२० आरपीएम येतात, दाताला ०.०५ मिमी धरले तर फीड सुमारे ७६० मिमी प्रति मिनिट. आता बाजूने फक्त १ मिमी कापत असाल तर चिप ०.०३ मिमीच जाडीची निघते. धार कापण्याऐवजी घासते, तापते आणि झिजते. अशा वेळी फीड सुमारे १,२७० वर न्या. अट अशी की कोपऱ्यात टूल जास्त धातूत घुसणार नाही असा टूलपाथ हवा, नाहीतर त्या कोपऱ्यातच टूल तुटेल. रनआउटही (टूल मध्यापासून हटून फिरणे) बघा : ०.०१ मिमी असला तरी एक धार जास्त खाते आणि आधी तीच जाते. कोलेट (टूल पकडणारी बाही) आणि नटमधील चिप्स पुसूनच रनआउट मोजायला डायल लावा.

प्रश्न : सकाळी बरोबर असलेली पॉकेटची खोली दुपारपर्यंत वाढते. टूलसेटर (टूलची लांबी मोजणारे उपकरण) आणि प्रोब दोन्ही आहेत.

उत्तर : स्पिंडल तापून लांबतो, टूलचे टोक खाली सरकते. आरपीएम पायरीपायरीने वाढवत आणि अक्ष हलवत १५-२० मिनिटे वॉर्मअप द्या, मग टूलची लांबी मोजा. जेवणाच्या सुटीनंतरही थोडा वॉर्मअप हवा. एक मेख इथे लपलेली आहे : प्रोबची लांबी थंड मशीनवर कॅलिब्रेट केलेली असेल आणि तापल्यावर प्रोबने जी५४ (जॉबचा शून्यबिंदू) व टूलसेटरने टूलची लांबी दोन्ही पुन्हा घेतल्या, तर तीच वाढ दोनदा भरली जाते आणि पॉकेट उथळ निघते. प्रोब आणि टूल दोन्ही एकाच संदर्भावरून, एकाच तापमानाला कॅलिब्रेट करा.