वाचकांचे प्रश्न : माळ्याचा लाकडी जिना, लोखंडी अँगलवर

प्रश्न : देवरुखजवळ आमचं जांभ्याचं जुनं घर आहे. माळ्यावर जायला शिडीवजा उभा जिना आहे, तो आईला आता झेपत नाही. त्या जागी सागाचा जिना करायचा आहे. सुतार म्हणतात, बाजूच्या फळ्यांना दात कापून त्यावर पायऱ्या बसवू. धाकटा भाऊ म्हणतो, फळ्या अखंड ठेवून आतून लोखंडी अँगल मारू. लादीपासून माळ्याच्या तक्तपोशीच्या (फळ्यांच्या) वरच्या पातळीपर्यंत उंची २,४०५ मिमी आहे आणि खाली साडेदहा फूट जागा मिळते. कोणाचं ऐकावं?

उत्तर : भावाचं. तुमच्या मापात प्रत्येक दात सुमारे १५० मिमी खोल कापावा लागेल. म्हणजे २५० मिमी रुंद फळी घेतली तरी भार पेलायला जेमतेम १०० मिमी लाकूड उरतं. शिवाय दाताच्या टोकाशी लाकडाच्या रेषा (तंतू) आखूड पडतात आणि तिथूनच तुकडा उडतो. अँगलच्या पद्धतीत फळी आहे तशी राहते, फक्त बोल्टची भोकं पडतात.

आता गणित. २,४०५ ला १३ ने भागलं की १८५ मिमीचा चढ येतो. तेरावा चढ थेट माळ्यावर जातो, म्हणून पायऱ्या १२. पाय ठेवायची खोली २५० धरली तर जिना जमिनीवर ३ मीटर पसरतो आणि तुमच्या साडेदहा फुटांत बसतो. दोन चढ अधिक एक खोली ६०० ते ६४० च्या दरम्यान आली की जिना पायाला बरा लागतो. इथे ६२० येतात. राष्ट्रीय बांधकाम संहिताही घरगुती जिन्यासाठी चढ १९० पेक्षा जास्त आणि खोली २५० पेक्षा कमी नको म्हणते.

सुताराला बोलावण्याआधी माळ्याचा खण (वर जायची मोकळी जागा) मोजा. शिडीसाठीचा खण बहुधा तीन-चार फुटांचाच असतो. नव्या जिन्यावरून चढताना डोक्यावर २ मीटर मोकळे हवे असतील (संहिता तर २.२ मीटर मागते) आणि माळ्याची जाडी १०० मिमी धरली, तर खण सुमारे २.८ मीटर लांब लागतो. तो वाढवताना जे वासे तुटतील त्यांची टोकं आडव्या तुळईवर घ्यावी लागतात. जिना वाशांच्या दिशेनेच लावता आला तर कमी वासे तुटतात. जुन्या घरात खरा खर्च आणि खरी जोखीम इथेच आहे, पायऱ्या त्यामानाने सोप्या.

पायऱ्या ९०० मिमी लांब, २७५ रुंद (कड २५ मिमी खालच्या पायरीवर पुढे येते) आणि ३८ जाड घ्या. पैसे वाचवायला एक इंची फळी सुचवतील, ती नको. शंभर किलोचा माणूस मधोमध उभा राहिला तर दीड इंची सागाची पायरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास लवते, एक इंची चारच्या वर. मोडणार नाही, पण पायाखाली हलेल आणि आईला तेच नको असेल. बाजूच्या दोन फळ्या ३८ × २५० च्या, अखंड १४ फुटी. सगळं मिळून रंधा मारलेलं लाकूड पावणेसात घनफूट भरतं; घट धरून सव्वाआठ ते साडेआठ आणावं.

अँगल ४० × ४० × ५ चा. पायरीला दोन, म्हणजे २२० मिमीचे २४ तुकडे, ते सहा मीटरच्या एका दांडीत निघतात. दांडी साधारण १८ किलो भरते. फळीला प्रत्येक अँगल दोन ८ मिमी बोल्टने आरपार; ६५ मिमी लांब, गोल डोक्याचे ४८ बोल्ट, बाहेर डोकं आणि आत वायसर-नट. पायरीला खालून दहा नंबरचे सव्वा इंची स्क्रू, अँगलला तीन. दुकानात तयार मिळणारे दाबलेल्या पत्र्याचे अँगल शेल्फला ठीक, जिन्याला नाहीत.

प्रश्न : अँगलची भोकं फॅब्रिकेटरने पाडली. पायऱ्या बसवल्यावर पहिली पायरी उंच आणि शेवटची बुटकी झाली. चढ तर सारखे मोजले होते. (नाशिक)

उत्तर : पायरीची जाडी वजा करायची राहिली. अँगलची वरची बाजू म्हणजे पायरीचं बूड. चढ १८५ आणि फळी ३८ असेल तर पहिल्या अँगलची वरची कड लादीपासून १४७ वर हवी, पुढच्या सगळ्या १८५-१८५ वर. तुम्ही पहिलीही १८५ वर घेतली की पहिला चढ २२३ होतो आणि माळ्याशी १४७ उरतो. अंधारात नेमकं तिथेच ठेचकाळायला होतं, कारण पायाला एकदा अंतराची सवय लागलेली असते. लादी अजून बसायची असेल तर तिची जाडीही आधीच धरा.

दुरुस्तीसाठी सगळे अँगल ३८ मिमी खाली घ्या. जुन्या आणि नव्या भोकात ८ मिमीच्या बोल्टला पुरेसं लाकूड राहतं. जुनी भोकं सागाच्या खुंट्या आणि फेविकॉलने बुजवा. पुन्हा आखताना एका पायरीवरून दुसरी मोजत जाऊ नका. तिरक्या कडेवर दर पायरीला ३११ मिमी पडतात (चढ १८५, खोली २५० असेल तर). टेप एकाच टोकाला धरून ३११, ६२२, ९३३ अशा खुणा करा. एकेक मोजलं आणि दर वेळी दोन मिलिमीटर चुकले, तर बाराव्या पायरीला इंचभर फरक पडतो. दोन्ही फळ्या पाठीला पाठ लावून एकदमच आखा, म्हणजे पाणसळ लावल्यावर पायऱ्या तिरक्या निघणार नाहीत.

प्रश्न : जिना दोन वर्षांचा आहे. पावसाळ्यात गप्प असतो, एप्रिल-मेमध्ये करकरतो. दोन पायऱ्यांना लांबीत चीरही गेली आहे. (सावंतवाडी)

उत्तर : दोन्हीचं मूळ एकच. लाकूड रेषेच्या दिशेने जवळपास हलत नाही, आडवं मात्र फुगतं-आकसतं. कोकणात पावसाळा आणि उन्हाळा यांत २७५ मिमीच्या सागाच्या पायरीत दोन-तीन मिलिमीटर सहज फरक पडतो. अँगलला तिन्ही भोकं गोल असतील तर स्क्रू तिला जागचं हलू देत नाहीत, मग ती रेषेत फाटते. पुढचं भोक गोल ठेवून मधलं आणि मागचं ६ × १२ मिमीचं लांबट करून घ्या, लांबी पायरीच्या रुंदीच्या दिशेने. म्हणजे पुढची कड जागेवर राहते आणि हालचाल मागे जाते. लांबट भोकात स्क्रूखाली वायसर हवा, आणि तो आवळून आवळून दाबायचा नाही.

करकर मात्र बोल्टमुळे. उन्हाळ्यात बाजूची फळी जाडीतही थोडी आकसते, नट ढिले पडतात आणि अँगल लाकडावर घासतो. नायलॉन कडीचे नट लावा आणि दर वर्षी मेमध्ये पान्याने एक फेरी मारा. पावसाळ्यात आवळलेले बोल्ट उन्हाळ्यात सैल होणारच. अँगल आणि पायरीच्या मध्ये दीड-दोन मिमी रबराची पट्टी टाकली तर उरलेला आवाजही जातो. फटीत तेल ओतू नका. लाकूड ते पितं आणि नंतर तिथे पॉलिश धरत नाही.

प्रश्न : फोंड्यात घर आहे. जिन्याचं वरचं टोक जांभ्याच्या भिंतीला फास्टनरने धरलं तर चालेल का? आणि खाली लाकूड थेट लादीवर टेकवू का?

उत्तर : दोन्ही नको. फास्टनर भोकात फुगून पकड घेतो. काँक्रीटमध्ये ते जमतं, पण जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ, फुगताना कडेचा चुराच होतो. वरचं टोक माळ्याच्या तुळईवर घ्या: ६ मिमी पत्र्याचा यू आकाराचा बूट आणि १२ मिमीचे आरपार बोल्ट. भिंतीलाच धरायचं असेल तर बोल्ट भिंतीतून आरपार काढून पलीकडे १०० × १०० ची पट्टी द्या.

खालीही बूटच, लाकूड लादीपासून १०-१५ मिमी वर. लाकडाचं कापलेलं टोक लादी पुसल्याचं पाणी ओढून घेतं, आणि ओल आली की मागून वाळवी. लोखंडाचं कापणं, भोकं, वेल्डिंग सगळं उरकल्यावरच गॅल्व्हनाइज किंवा पावडर कोटिंग करून घ्या. नंतर पाडलेल्या भोकात रंग नसतो आणि गंज तिथूनच धरतो. समुद्र जवळ असेल तर स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. स्क्रूसाठी आधी बारीक (पायलट) भोक ३ ते साडेतीन मिमीचं पाडा आणि स्क्रूला मेण लावा, नाहीतर सागात निम्म्यावरच डोकं तुटतं.