गोरेपणाची ट्यूब बंद केली की चेहरा लाल होतो. लग्न ठरेपर्यंत लावत राहू का?

तू वय चोवीस लिहिलं आहेस, माझं त्रेचाळीस, म्हणून एकेरीतच बोलते. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. तू म्हणतेस तसली ट्यूब मी तोंडाला लावलेली आहे आणि काउंटरवर उभी राहून विकलेलीही आहे. तेव्हा दोन्हीकडचं सांगते.

आधी उत्तर. लावत राहू नकोस. पण आज रात्री उचलून कचऱ्यातही टाकू नकोस. ट्यूब आणि तिचं खोकं घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, एम.डी. स्किन झालेल्या. किती दिवस लावलीस ते खरं सांग. बंद कशी करायची, एकदम की हळूहळू, मधल्या काळात काय लावायचं, हे चेहरा बघूनच ठरतं. पार्लरवाली, मैत्रीण किंवा माझ्यासारखी मेडिकलवाली यांनी ते ठरवायचं नसतं.

आता तू लिहितेस की लावल्यावर आठ दिवसांत चेहरा उजळला, हे कसं झालं? अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. त्याने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि लाली बसते, चेहरा फिकट आणि गुळगुळीत दिसतो. जोडीला हायड्रोक्विनोन असेल तर कातडीत रंग तयार होणं मंदावतं, आणि ट्रेटिनोइन असेल तर वरचा थर झडतो. हेच त्रिकूट डॉक्टर वांगासाठी देतात, पण रात्री, पातळ, काही आठवडे, आणि बघत बघत. आपल्याकडे ते स्नो-पावडरसारखं सहा-सहा महिने थापलं जातं. मग कातडी पातळ होते, गालावर लाल रेषा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते, ऊन सोसवत नाही. आणि बंद केलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. तुझी आग होते ती हीच. म्हणून माणूस पुन्हा लावतो, पुन्हा शांत होतं. दारू उतरली की परत घोट घ्यावा, तसलाच प्रकार. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे असे चेहरे इतके यायला लागले की त्यांनी त्याला नावच दिलं, ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टिरॉइडच्या मलमाने बिघडलेला चेहरा.

खोक्यावरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर समजून जा. केंद्र सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. देतात का? देतात. तुला दिलीच की.

पहिली दोन-तीन वर्षं मीही दिली. बायका रिकामी ट्यूब घेऊन यायच्या, शेपटाकडून टूथपेस्टसारखी घट्ट गुंडाळलेली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर ते जाईपर्यंत उगाच बिस्किटं बघत उभ्या राहायच्या. मग हळूच ट्यूब पुढे सरकवायची आणि म्हणायचं, “हीच द्या ताई, पंधरा दिवसांनी पाहुणे येणारेत पोरीला बघायला.” मी दिली. नाही दिली तर पलीकडचा देतो, असं स्वतःला सांगत दिली. आता देत नाही. गिऱ्हाईक पलीकडे जातं, हेही खरंच.

माझं स्वतःचं तर आणखी लाजिरवाणं. डी.फार्म. झालेली मुलगी, स्टिरॉइडचे दुष्परिणाम परीक्षेत लिहून आलेली! पण चार नकार आले होते, आणि चारही वेळा कारण एकच, पत्रिका जुळत नाही. तीन ठिकाणी तर पत्रिका मागितलीच नव्हती. मावशीने पार्लरमधून ट्यूब आणली आणि मी नाव वाचूनसुद्धा लावली. पाचवं स्थळ जमलं. लग्न ठरल्यावरही सोडायची हिंमत झाली नाही, कारण सोडल्यावर दोन दिवसांत काय होतं ते बघितलं होतं. हळदीच्या दिवशी करवल्यांनी दोन्ही गालांना हळद चोळली आणि तोंड पेटलं. सगळे हसत होते, गाणी चालू होती, मी मोरीत जाऊन तांब्यावर तांबे पाणी मारत होते. फोटोत माझे डोळे लाल आहेत. बघणाऱ्याला वाटतं, सासरी जायच्या दुःखाने रडले असेन.

सासरी गेल्यावर गुपचूप बंद केली. चेहरा ताळ्यावर यायला बरेच महिने लागले, आणि रंग होता तिथे परत आला. सासूबाई एकदा म्हणाल्या, “लग्नात बरी उजळ दिसत होतीस गं.” मी म्हटलं, “लाइटिंग होती.” यांना फरक दिसला का, हे मी वीस वर्षांत विचारलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आजच बघ. तुझ्याकडे ट्यूबऐवजी डबी असेल, तिच्यावर कंपनीचा पत्ता, लायसन्स नंबर, घटक यांतलं काही नसेल, तर मामला वेगळा आहे. अशा डब्यांमध्ये पारा सापडतो. पाऱ्याने रंग उजळतो, पण तो कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडाला धरतो. डोळ्यांभोवती लावायची प्रसाधनं सोडली तर कायद्याने दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त पारा चालत नाही. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली आणि धागा शेवटी क्रीमपर्यंत गेला. तेव्हा डबी असेल तर ती लगेच थांबव, पण डॉक्टरला दाखवायला जपून ठेव. पायावर सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर तेही न लाजता सांग आणि लघवी-रक्त तपासून घे.

राहिला लग्नाचा मुद्दा. गोरेपणाची ती प्रसिद्ध क्रीम १९७५ साली बाजारात आली, म्हणजे माझ्याही आधीची. २०२० मध्ये तिच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ झालं, त्याच वर्षी एका मोठ्या लग्नाच्या साइटने रंगावरून स्थळं गाळायची सोय काढून टाकली. चांगलं झालं. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बायोडेटात ‘वर्ण’ हा रकाना आहे तिथेच आहे, आणि त्यात सगळा महाराष्ट्र गव्हाळ आहे. ‘काळी’ असं छापलेलं मी एकदाही पाहिलं नाही. त्यामुळे मुलीला बघायला येणारी मंडळी शब्दावर जात नाहीत, फोटोवर जातात, आणि फोटो स्टुडिओवाल्याने दोन शेड उजळवलेला असतो. मग दारात मुलगी दिसली की तोंडं उतरतात. “विठ्ठलसुद्धा सावळाच” असं म्हणून तुझी समजूत काढणाऱ्या काकू-माम्या भेटतील. त्यांच्या मुलाच्या स्थळाच्या अपेक्षा एकदा वाचून बघ.

माझं म्हणणं असं, की खऱ्या रंगाचा फोटो पाठव. दिवसा, खिडकीपाशी काढलेला, फिल्टर न लावता. स्थळं कमी येतील, ते मी लपवत नाही. पण नकार यायचाच असेल तर तो पोहे भिजवायच्या आधी आलेला बरा. आणि जो येईल त्याच्यासमोर तुला लग्नानंतरही ट्यूब लपवत बसावं लागणार नाही. उशीखाली ट्यूब ठेवून संसार सुरू करणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

ट्यूब सोडल्यावर काही आठवडे, कदाचित काही महिने, चेहरा आत्तापेक्षा वाईट दिसेल. लाल होईल, पुटकुळ्या येतील. त्या काळात बघण्याचा कार्यक्रम ठेवू नका, असं आईला स्पष्ट सांग. पाहुण्यांना काय सांगायचं असं तिने विचारलं, तर म्हणावं, पत्रिका बघायला दिली आहे.