कोल्हापुरात राहूनच वृत्तवाहिनीचा वार्ताहर होता येईल का?

पदवीनंतर मुंबईला न जाता कोल्हापुरातूनच वृत्तवाहिनीसाठी काम करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी याच जिल्ह्यात पंधरा वर्षे हे काम करत आलो आहे.

सुरुवात बहुधा स्ट्रिंगर, म्हणजे पगारी नोकरीत नसलेला वार्ताहर, म्हणूनच होते. हातात वाहिनीचा बूम (नाव असलेला माइक) येतो, पण नेमणूकपत्र मिळत नाही आणि मानधन वाहिनीवर दाखवल्या गेलेल्या प्रत्येक बातमीमागे ठरते. माझ्या पहिल्या वाहिनीने सहा महिन्यांचे मानधन अखेरपर्यंत दिले नाही. त्या काळात घर चालले ते शेतीवर. म्हणून पहिली काही वर्षे उत्पन्नाचा दुसरा आधार ठेवाच. जाहिराती आणून देण्याची अट कोणी घातली, तर मात्र ते काम स्वीकारू नका, कारण ज्याच्याकडे जाहिरात मागितली त्याच्याविरुद्धची बातमी पुढे हातून सुटते.

चित्रीकरण, बाईट (कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया) घेणे, कॅमेऱ्यासमोर न अडखळता बोलणे हे सरावाने वर्षभरात जमते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणचे पत्रकारितेचे शिक्षण उपयोगाचे आहेच, विशेषतः पुढे डेस्कवर, म्हणजे वाहिनीच्या कार्यालयातल्या संपादन विभागात, जायचे असेल तर. जिल्ह्यात खरा वेळ जातो तो माणसे जोडण्यात.

पुराचेच उदाहरण घ्या. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा डेस्कवरून दर अर्ध्या तासाला फोनोची, म्हणजे फोनवरून थेट माहिती देण्याची, मागणी होत होती. बंधाऱ्यावरचा एक कर्मचारी मला रात्री-अपरात्री पट्टीवरचा आकडा सांगत असे, कारण कोरड्या उन्हाळ्यातही मी त्याच्याकडे चहाला जात असे. पाणी चढते आहे की इंचभर उतरले आहे, यावर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतली माणसे गोठ्यातली जनावरे सोडायची का ते ठरवतात. म्हणून आकडा हाती नसताना, डेस्कने कितीही घाई केली तरी, मी पातळी सांगितली नाही.

पुढे जिल्हा प्रतिनिधी, मग पुणे-मुंबईचा ब्युरो किंवा डेस्क, अशी बढती मिळू शकते. मलाही मुंबईला बोलावले होते. मी गेलो नाही आणि पगार त्या मानाने कमीच राहिला. आपल्याला इथेच राहायचे असेल, तर एखाद्या जिल्हा प्रतिनिधीसोबत एक पावसाळा फिरा आणि त्याच्या फोनमध्ये कोणाकोणाचे क्रमांक आहेत, ते पाहा.