जंगलातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरला आधी जंगलाचं सांगा : वाचकांची प्रश्नोत्तरे

दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून एकाच प्रकारचे मेसेज सुरू होतात. आगुंबे, आंबोली, वायनाड, ठेकडी, कुठंतरी रेनफॉरेस्टमधला, म्हणजे दाट, दमट, सदाहरित जंगलातला होमस्टे बुक झालेला असतो, पॅकेजमध्ये दोन-तीन गाईडेड ट्रेक, एक नाईट ट्रेल (रात्रीची जंगलफेरी), बोटिंग असं सगळं असतं, आणि निघायच्या आदल्या रात्री विचारतात की मॅडम जळवांना काय लावायचं. मी फिजिशियन आहे आणि ट्रेकिंग ग्रुपबरोबर या जंगलांमधून फिरतेही, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतात. एकेकाला सांगण्यापेक्षा नेहमीचे प्रश्न इथं एकत्र घेते. फक्त इथलं वाचून कुणी स्वतःच्या चालू गोळ्या कमीजास्त करू नका.

प्रश्न (भुसावळ) : आम्ही मे महिन्यात ४५ डिग्रीत शेतात राबणारी माणसं, तिकडं २६-२७ डिग्रीत चार तास चालणं आम्हाला काय जड जाणार?

जाईल. आपल्याकडचं ऊन कोरडं असतं, घाम आला की लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. रेनफॉरेस्टच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो. आपला कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि श्रावणात नुसती चिकचिक करतो ना, अगदी तेच तुमच्या अंगाचं होतं. त्यामुळे तापमान कमी दिसत असलं तरी माणूस लवकर थकतो, डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात, आणि सावलीत चालतोय म्हणून पाणी प्यायचं सुचत नाही. ओआरएसची पुडी आणा, ती पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, आणि घोट घोट पीत राहा. टेट्रापॅकमधलं गोड एनर्जी ड्रिंक म्हणजे ओआरएस नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जायच्या आधी तुमच्या डॉक्टरला विचारा, ती गोळी चालू असताना एवढा घाम गेला तर चक्कर येऊन पडलेली माणसं मी बघितलीत.

प्रश्न (अमळनेर) : जळू चिकटली तर मीठ, चुना, तंबाखूचं पाणी, की काडीचा चटका?

यातलं काहीच नाही. चटका किंवा मीठ लावलं की जळू पोटातलं सगळं तुमच्याच जखमेत ओकते, आणि मग ती जागा पिकते. नख किंवा एटीएम कार्डची कड कातडीला लावून तिचं तोंड सरकवा, मग दुसरं टोक सुटतंच. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, घाबरायचं नाही, साबणाने धुवा आणि दाबून पट्टी बांधा. लीच सॉक्स म्हणजे घट्ट विणीच्या कापडाचे लांब मोजे, ते पँटवरून गुडघ्यापर्यंत ओढून बांधायचे, बाकी तेलं-बिलं पावसात धुऊन जातात आणि काही ठिकाणी ती दुप्पट भावाने गळ्यात मारतात. पण हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे सगळं लागू नाही, तुम्ही आधी तुमच्या कार्डिओलॉजिस्टला भेटा.

प्रश्न (जळगाव) : सँडल चालेल का?

नाही.

प्रश्न (शहादा) : सातपुड्यात आम्ही लहानपणापासून फिरतोय, अस्तंब्याची यात्रा रात्री चढून करतो. तिकडं गाईडचे पैसे कशाला द्यायचे? मोबाईलमध्ये मॅप असतोच.

भाऊ, तुमच्या पायांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण सातपुडा हे पानगळीचं जंगल आहे, साग, सालई, अंजन, हिवाळ्यानंतर पानं झडली की समोरची टेकडी दिसते, खालचं गाव दिसतं, आणि अस्तंब्याच्या वाटेवर हजारो माणसं असतात. रेनफॉरेस्टमध्ये दहा पावलांपुढचं दिसत नाही, दुपारी चारलाच झाडांखाली अंधारून येतं, दाट छताखाली जीपीएस भरकटतो आणि नेटवर्क तर नसतंच. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा भरतो, सकाळी पाऊल भिजवून ओलांडलेलं पाणी परतताना कमरेला लागतं. शिवाय हत्ती. आपल्या खान्देशात रानहत्ती नाही, त्यामुळे ताजी लीद कशी ओळखायची, वारा कुठून कुठं वाहतोय हे का बघायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. तिथल्या गाईडला ते कळतं, आणि तो मागं फिरा म्हणाला की वाद न घालता मागं फिरायचं.

दुसरी गोष्ट परवानगीची. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात ट्रेकर सापडले आणि वीसच्या वर माणसं गेली. तो ट्रेक परवानगीशिवाय चालला होता. परवानगी काढली की तुम्ही आत आहात हे फॉरेस्टवाल्यांना माहीत असतं, आग किंवा पूर आला तर ते वाट बंद करतात, कुणी परत आलं नाही तर शोधायला निघतात. म्हणून होमस्टेवाला म्हणाला की माझाच पोरगा घेऊन जाईल, परमिटची काय गरज, तर सरळ तिथल्या वनखात्याच्या रेंज ऑफिसला फोन करून विचारा.

प्रश्न (चोपडा) : अगस्त्यकूडमच्या ट्रेकला फिटनेस सर्टिफिकेट मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवला तर सही करून द्याल का?

नाही. येऊन तपासून घ्या. केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरचं १८६८ मीटरचं शिखर आहे, वर दवाखाना नाही, आणि तो कागद तुमच्या जिवासाठी मागतात.

प्रश्न (चाळीसगाव) : आमच्या पॅकेजमध्ये नाईट ट्रेल आहे, "किंग कोब्रा सायटिंग गॅरंटी" असं लिहिलंय. मुलांना न्यावं का?

गॅरंटी लिहिलेली असेल तर ते पॅकेज घेऊ नका. रानातला नागराज कुणाच्या सांगण्यावरून हजर होत नाही. हमी द्यायची तर कुठूनतरी धरून आणलेला, डांबून ठेवलेला साप दाखवावा लागतो, तो गुन्हाही आहे आणि तुमच्या मुलाच्या जिवाशी खेळही. चांगल्या नाईट ट्रेलला मात्र जरूर जा. आंबोलीला पावसाळ्यात फांद्यांवर मलबारचा उडता बेडूक दिसतो, आणि एक छोटा भेक असा आहे की तो जगात फक्त आंबोलीच्या परिसरात सापडतो. त्याला हातात घ्यायचं नाही, तोंडावर फ्लॅश मारायचे नाहीत, फोटोसाठी या फांदीवरून त्या फांदीवर ठेवायचं नाही. बूट, टॉर्च, गाईडच्या मागं एका रांगेत, आणि झुडपाला हात लावायचा नाही, कारण मलबार पिट व्हायपर हा विषारी साप हाताच्या उंचीवरच पानांत गुंडाळून बसलेला असतो आणि हलत नाही. मुलं लहान असतील, रात्री झोपेला येत असतील, तर राहू द्या.

प्रश्न (धुळे) : ग्रुपसाठी सर्पदंशाचं इंजेक्शन सोबत ठेवायचं म्हणतोय. चिठ्ठी द्याल का?

नाही देणार. ते इंजेक्शन शिरेतून, सलाईनमधून द्यावं लागतं, एका बाटलीत भागत नाही, आणि त्याची जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते, ती सांभाळायला दवाखानाच लागतो. आणखी एक, आपल्याकडची ही लस, म्हणजे हेच इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली आहे. पश्चिम घाटाच्या जंगलात हम्पनोज पिट व्हायपर नावाचा विषारी साप असतो, त्याच्या विषावर ही लस उपयोगी पडत नाही, मग किडन्या सांभाळायला मोठं हॉस्पिटलच लागतं. म्हणून बुकिंग करतानाच विचारा, इथून सर्वांत जवळचं लस असलेलं हॉस्पिटल कोणतं, रात्री गाडी मिळेल का, किती वेळ लागतो. ज्या होमस्टेवाल्याला याचं उत्तर देता येत नाही तिथं राहू नका. चावलाच तर अंगठ्या-बांगड्या काढा, पाय हलणार नाही असा ठेवा, माणसाला उचलून न्या, १०८ लावा. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, आणि भगताकडं "जाता जाता" थांबायचं नाही. ते थांबणंच नडतं, सातपुड्याच्या पायथ्याला अजून नडतंय.

प्रश्न (पाचोरा) : तिकडं माकडताप असतो म्हणतात, खरं का? आमच्या शेजारचे काका फिरून आले अन् आठ दिवसांनी तापाने आजारी पडले, पण डॉक्टर म्हणाले टायफॉईड आहे.

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलं, बाकी सगळे जळू अन् सापातच अडकतात. जंगल चावतं ते तिथं, पण आजारी पडता तुम्ही जळगावात, पाचोऱ्यात, घरी आल्यावर, आणि तोवर ट्रिप विसरलेली असते.

माकडताप खरा आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा तो सापडला, म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. आगुंबे त्याच जिल्ह्यात आहे. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडंही २०१६ पासून पेशंट आहेत. तो गोचीड चावून होतो आणि जोर डिसेंबर ते मे असतो, म्हणजे आपण नाताळात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जातो नेमका तेव्हा. पावसाळा गेला, जळवा नाहीत, आता भीती नाही असं समजू नका. चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकदम जोराचा ताप, डोकं, अंग ठणकतं, प्लेटलेट कमी होतात, आणि सगळे डेंग्यू डेंग्यू करत बसतात. काहींचा ताप उतरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी परत चढतो, तेव्हा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यावर खास औषध नाही, वेळेवर ॲडमिट करून सांभाळणं हेच औषध.

दुसरा स्क्रब टायफस. झुडपातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या किड्याने होतो, एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो. चावल्याजागी बऱ्याचदा एक काळी खपली असते, कडा लालसर, दुखत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती असते काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, छातीखाली. आपली माणसं लाजतात, दाखवत नाहीत. बायका तर अजिबात दाखवत नाहीत. दाखवा. त्या एका खपलीवरून निदान होतं, आणि साध्या स्वस्त गोळ्यांनी बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. पण "टायफॉईड आहे" म्हणून रोज सलाईन आणि भारी इंजेक्शन चालू ठेवलं तर ती इंजेक्शनं या जंतूवर चालतच नाहीत, पेशंट आठवडाभराने फुप्फुसं, किडनी बिघडून माझ्यासारखीकडं येतो. एकट्या विडाल नावाच्या रक्ततपासणीवर टायफॉईड ठरवू नये हे आम्हाला कॉलेजात शिकवतात, तरी गल्लोगल्ली तेच चाललंय, याचा मला मनापासून राग येतो. तिसरा लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, ओढ्याच्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून शिरतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, मग कावीळ.

तर करायचं काय. ट्रेकमध्ये पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं-लोळायचं नाही, माकड मेलेलं दिसलं तर तिथून निघायचं आणि फॉरेस्टवाल्यांना किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. खोलीवर आल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे, आणि एकमेकांच्या पाठीवर, काखेत, कानामागे गोचीड बघायची. चिकटली असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही. आणि परत आल्यापासून तीन आठवडे कुणालाही ताप आला तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर, तिसऱ्या नाही. डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा की मी अमुक तारखेला अमुक जंगलात होतो, ओढ्यात उतरलो, गोचीड चावली. आपल्याकडच्या डॉक्टरच्या डोक्यात हे आजार पहिले येत नाहीत, त्यात त्यांचीही फार चूक नाही, केळीच्या बागेतून आलेल्या माणसाला बघून ते वेगळाच विचार करणार. म्हणून तोंडाने सांगायचं, फाईलवर लिहून घ्यायचं. पॅरासिटामॉल खाऊन "बघू दोन दिवस" हे नको. आधीच प्रतिबंधाची गोळी घ्यायची का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, गरोदर बाई आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत, त्यामुळे मेडिकलवाल्याला न विचारता डॉक्टरला विचारा. तुमच्या काकांचा ताप अजून असेल तर त्यांना आजच न्या, खपली शोधायला सांगा.

प्रश्न (एरंडोल) : आई ६२ वर्षांची, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. झिपलाईन आणि कॅनॉपी वॉक करू द्यावं का?

कॅनॉपी वॉक, म्हणजे झाडांच्या शेंड्यांजवळून बांधलेल्या पुलावरून चालणं, डॉक्टरने हो म्हटलं तर. झिपलाईन, म्हणजे तारेला लटकून घसरणं, माझ्या मते नको. इन्सुलिन गाडीच्या डिकीत ठेवू नका, बर्फाला चिकटवूनही ठेवू नका, आणि रोज संध्याकाळी आईच्या पायाची बोटं तुम्ही स्वतः बघा, शुगरवाल्यांना ओल्या बुटातली जखम कळतच नाही.

प्रश्न (रावेर) : ठेकडीला बोटिंग, बांबू राफ्टिंग सुरक्षित आहे ना?

लाईफ जॅकेट बांधल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. ३० सप्टेंबर २००९ ला तिथं टुरिस्ट बोट उलटून ४५ माणसं बुडाली. प्राणी दिसला की सगळे एका बाजूला धावतात, तुम्ही जागेवरच बसा. मिरगीचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरला विचारावं.

प्रश्न (नंदुरबार) : झऱ्याचं पाणी पिता येतं का? गाईड स्वतः पितो.

उकळून प्या. तो तिथंच वाढलाय, तुमच्या पोटाला त्या पाण्याची सवय नाही.